पहिली घागर

चैत्र लागला की राईपुऱ्याच्या विहिरी तळ दाखवतात, हे ठरलेलंच. यंदा त्यांना तेवढाही धीर निघाला नाही. होळीची राख निवते न निवते तोच मंदिरामागची विहीर आटली, मग ठाकुरांची, मग नाक्यावरचा हातपंप नुसती हवा ओकायला लागला. आणि गव्हाची कापणी ऐन भरात. माणसं दिवसभर वाकून विळा चालवायची, संध्याकाळी अंगभर कुसळं घेऊन घरी यायची, आणि घरात आंघोळीचं सोडाच, तोंड खंगाळायला तांब्याभर पाणी नसायचं. सगळ्या गावात पाणी देत होता तो एकटा शाळेचा हातपंप. तोही आढेवेढे घेऊन. दांडा बराच वेळ हापसला की आधी खोकायचा, मग गढूळ थुंकायचा, मग कुठे धार धरायचा.

त्यावर भांडणं होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या ओढल्या, एकीचा माठ फुटला. हेडमास्तर दौलतसिंह निवृत्तीला टेकलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी दांड्याला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली यशश्री मॅडमच्या टेबलावर ठेवून दिली. आता तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून ते पेपर वाचायला बसले.

यशश्री शाळेत चौथी-पाचवीला शिकवायची. माहेर ग्वाल्हेरात दौलतगंजला, आणि सासर याच गावातलं; संभाजीराव तिचे सासरे. संभाजीरावांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले, लढले, आणि जमीन मिळाली तिथे टेकले. घोडे गेले, तलवारी भिंतीवर गेल्या, जमीनही बरीचशी गेली. उरली होती तीत गहू आणि मोहरी निघायची. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी ही घराची वहिवाट, आणि आतली मराठीही आता निम्मीशिम्मी हिंदीच झालेली. शाळेची जागासुद्धा संभाजीरावांच्या आजोबांनी दिलेली. तसं कुणी बोलून दाखवत नसे, पण गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

किल्ली टेबलावर आली तेव्हा पाचवीच्या वर्गात हक्कांचा आणि कर्तव्यांचा धडा चालू होता. मुलं तो पाढ्यासारखा म्हणायची. शिक्षा का अधिकार, पानी का अधिकार, खेल का अधिकार. आणि मग त्याच सुरात बड़ों का आदर, सफाई, अपनी बारी का इंतजार. यशश्रीला घोकंपट्टीचा मनस्वी तिटकारा. एवढा जिवंत धडा अंगणात उभा असताना पुस्तक कशाला, असं तिला वाटलं. तिने वर्ग उठवून हातपंपापाशी नेला आणि विचारलं, हे पाणी कुणाचं? मुलांनी बराच विचार केला. कुणी म्हणालं सरकारचं, कुणी सरपंचाचं, एकाने दबक्या आवाजात आबासाहेबांचं म्हणून सांगितलं. आबासाहेब म्हणजे संभाजीराव. सगळ्यांच्या मागे उभी असलेली कपूरी म्हणाली, "जिसको प्यास लगी उसका."

कपूरी ही बादामची पोरगी. बादाम सहरिया आदिवासी. संभाजीरावांच्या शेताच्या कडेला झोपडी टाकून राहायचा आणि त्यांचीच जमीन बटाईने, पिकातल्या वाट्यावर, कसायचा. पोरगी हडकुळी, पुढचा एक दात बाहेर आलेला, केसांना तेल लागायचं ते सणासुदीला. वर्गात फारशी बोलायची नाही, पण एकदा सांगितलेलं तिच्या डोक्यातून हलायचं नाही. शाळेत बाल कॅबिनेट असतं, त्यात जलमंत्री निवडायची वेळ आली तेव्हा मुलांनी हात वर केले ते तिच्यासाठी. यशश्रीला इतका आनंद झाला की संध्याकाळी तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं. अंबरीश रोज मोटरसायकलवरून ग्वाल्हेरला नोकरीला जायचा. "मतलब आता मिनिस्टरला विचारून पाणी प्यायचं का," असं हसत हसत तो जेवायला बसला.

नियम मुलांनीच केले. ऊन अंगणात आलं की कपूरीने कुलूप काढायचं. जो आधी आला त्याचं भांडं आधी. इथे कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. हक्काबरोबर कर्तव्यही हवं म्हणून यशश्रीने स्वतः एक नियम सुचवला, की म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई आली तर त्यांचा नंबर लागल्यावर दांडा मंत्र्याने हापसून द्यायचा आणि भांडं उचलू लागायचं. गावातल्या बायका आधी हसल्या, मग चिडल्या, मग मुकाट्याने रांगेत उभ्या राहायला लागल्या, कारण रांगेत पाणी खरोखर मिळायचं. कपूरी किल्लीची नाडी मनगटाला गुंडाळून उभी असायची आणि कुणी पुढे घुसलं की एकच वाक्य म्हणायची, नंबर से.

मग एके दिवशी संभाजीरावांच्या घरची विहीर आटली.

घरात चैत्रगौर मांडलेली. तिला आणि देवघरातल्या टाकांना रोज सकाळी पहिल्या घागरीच्या पाण्याने स्नान घालायचं, हा घराचा जुना रिवाज. घागर तांब्याची, आणि आणायची महिपतरावांनी. महिपतराव घरचेच जुने माणूस. त्यांचे पूर्वज संभाजीरावांच्या पूर्वजांमागून पायी चालत आले होते. आंघोळ करून ओल्या धोतराने अनवाणी जायचं, कुणाच्याही आधी भरायचं, आणि घागर देवघराच्या उंबऱ्याशी टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी हाक मारली तरी नाही, पायात काटा मोडला तरी नाही. आजवर पाणी घरच्याच विहिरीचं असल्यामुळे मौन पाळणं फारसं जड गेलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना संभाजीराव म्हणाले की उद्यापासून पहिली घागर शाळेच्या पंपावरून येईल. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या धारेला कसला दोष, असंही त्यांनी सोयीने ठरवून टाकलं. यशश्री पोळ्या लाटत होती. तिने ऐकलं, आणि तिच्या मनात एवढंच आलं की गावाची तहान आता आपल्याही दारात आली. रांगेचं तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. नियम करताना तिच्या डोळ्यांपुढे गाव होतं, आणि आपलं घरही गावातच आहे हे तिला सुचलं नव्हतं.

सकाळी ती शाळेच्या ओसरीवर फळा पुसत होती. हातपंपापाशी बायकांची भांडी लागलेली. कपूरीने नुकतंच कुलूप काढलं होतं. महिपतराव साठवणीतल्या पाण्याने आंघोळ उरकून आले, धोतर पायांना चिकटलेलं, खांद्यावर घासून लख्ख केलेली घागर. त्यांना पाहून बायका सवयीने बाजूला सरल्या, एकीने आपला हंडाही उचलून घेतला. महिपतराव सरळ पंपाशी गेले.

"बाबा, नंबर से," कपूरी म्हणाली.

बायका जागच्या जागी थिजल्या. महिपतरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळे वटारले, घराच्या दिशेने बोट केलं, घशातून एक घुर्रकन आवाज काढला. कपूरीला वाटलं, कुठे उभं राहू म्हणून विचारतायत. तिने मोठ्या अदबीने रांगेचं शेपूट दाखवलं.

यशश्रीने हे सगळं पाहिलं. तिला हसू आलं. ज्या माणसापुढे गावातले कर्ते पुरुष विडी लपवतात तो एका सहरिया पोरीच्या बोटाबरोबर रांगेत जाऊन उभा राहतो, हे तिला फार सुंदर वाटलं. ओसरीवरून एक वाक्य टाकलं असतं तर भागलं असतं, की देवीचं पाणी आहे, जाऊ दे. ते तिने टाकलं नाही. आपण शिकवलेलं असं डोळ्यांपुढे उभं राहिलेलं कुठल्या शिक्षकाला मोडवेल?

महिपतरावांना माघारीही जाता येईना, कारण पहिली घागर रिकामी परत नेत नाहीत. ते उभे राहिले. ऊन वर आलं. अंगावर धोतर वाळलं. पायाखालचे खडे तापले तसे ते एकेक पाऊल आलटून पालटून उचलायला लागले. मान मात्र ताठ होती. अखेर त्यांचा नंबर लागला तेव्हा कपूरीने त्यांना बसा म्हटलं आणि स्वतः दांड्याला लोंबकळली. दांडा वर गेला की तिचे पाय जमिनीवरून सुटायचे. घागर भरली. बसलेले महिपतराव हात पुढे करायच्या आत तिने दोन्ही हातांनी ती कवटाळली, गुडघ्यावर घेतली, पोटाशी धरली आणि उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवली. "सम्हाल के, बाबा," ती म्हणाली.

यशश्रीचं हसू तेव्हा मावळलं. महिपतराव डोळ्यांत पाणी आणि खांद्यावर पाणी घेऊन तापल्या रस्त्याने चालायला लागले.

घागर देवघरापर्यंत गेलीच नाही. महिपतरावांनी ती अंगणात उतरवली आणि मगच तोंड उघडलं. शांताताई, यशश्रीच्या सासूबाई, ओरडणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतायला लावलं. घागर चिंचेने घासून घेतली, राखेने घासून घेतली, आणि एवढं करूनही गोठ्यामागे पालथी घालायला सांगितली. गौरीचं स्नान त्या दिवशी गंगाजलाच्या बाटलीतल्या चमचाभर पाण्यावर भागवलं. दुपारी यशश्री घरी आली तेव्हा तिचं ताट रोजच्यासारखंच झाकून ठेवलेलं होतं. दमलात का, म्हणून त्यांनी विचारलंही. मग पदराने वारा घेत म्हणाल्या, "आमची गौर आज तशीच बसली, यशश्री." एवढंच. यशश्रीने ताट बाजूला सारलं. शिव्या दिल्या असत्या तर तिने उलट उत्तर तरी दिलं असतं.

संभाजीरावांनी दौलतसिंहांना चहाला बोलावलं. दौलतसिंह चहा पिऊन शाळेत आले आणि यशश्रीला म्हणाले की उद्यापासून पहिला नंबर सोडून ठेवायचा, आणि हे मुलांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात. यशश्रीने सांगणार नाही म्हटलं. दौलतसिंहांनी आग्रह केला नाही. ते तिच्याकडे जरा दयेनेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी बादाम पोरीला घेऊन खळ्यावर आला. थ्रेशर चालू होतं, भुश्शाने माणसं पांढरी झालेली. संभाजीराव बाजेवर बसलेले, महिपतराव त्यांच्या मागे उभे, शांताताई मजुरांची भाकर घेऊन आलेल्या आणि त्यांच्याबरोबर यशश्री. संभाजीरावांनी हात वर केला तसं थ्रेशर थांबलं. बादामने डोक्याचं फडकं काढलं आणि पोरीला पाठीत ढोसलं. "पैर छू." कपूरी पुढे झाली, वाकली, आणि तिचा हात पायांशी पोचणार एवढ्यात बादामनेच तिला दंडाला धरून मागे खेचलं. "दूर से," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला.

पोरगी लांबूनच मातीला हात लावून उठली. तिच्या कपाळाला भुस्सा चिकटला होता. आपण नेमकं काय केलं हे तिला कळत नव्हतं, आणि ज्याला कळत असेल अशा एकाच माणसाकडे तिने पाहिलं.

"मैडम, नियम गलत था?"

सगळे यशश्रीकडे बघायला लागले. सासरे, सासूबाई, महिपतराव, पेंढ्या टाकायला उभे असलेले मजूर. "नहीं, बेटा," यशश्री म्हणाली. "घर जाओ."

"पोरीचा काही दोष नाही," संभाजीराव मराठीत म्हणाले. "शिकवलं तशी वागली." ते रागावले नव्हते. त्यांनी गुळाचा खडा मागवला आणि कपूरीच्या ओंजळीत वरून टाकला. मग बादामला सांगितलं की मळणी उरकली की झोपडी उचल, तिथे बोअर घालायची आहे. पाणाड्याने नेमकी तीच जागा दाखवली आहे. "पानी का मामला है, बादाम. तू तो समझता है." बादाम जी म्हणाला. थ्रेशर परत सुरू झालं.

त्या संध्याकाळी यशश्री सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिने असं केलं नव्हतं. पोरगी हुशार आहे, ती इथून गेली तर तिची शाळा सुटेल, जे काही झालं ते माझ्यामुळे झालं, असं सगळं ती एका दमात बोलली. संभाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही.

"सूनबाई, बोअर तर घालावीच लागेल ना?" ते म्हणाले. "पाणी सगळ्यांनाच लागतं. तुम्हीच तर शिकवता."

अंबरीश मध्ये पडला नाही. तो म्हणाला, "तू बोलली तर अजून बिगडेल. आणि आबा वैसे काही वाईट बोलले पण नाहीत." ते खरंच होतं, आणि तीच तर अडचण होती. तिने दौलतसिंहांना विचारलं की वर कुठे तक्रार करता येईल का. त्यांनी चष्मा काढून पुसला. "लिखोगी क्या, मैडम?" कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, जमीन त्यांची, बोअर त्यांची. घागर पालथी घातली म्हणून कुठल्या ठाण्यात जायचं? यशश्री कोरा कागद पुढे घेऊन मधली सुट्टी संपेपर्यंत बसली, आणि मग त्या कागदावर तिने मुलांना भागाकार घातले.

मळणी उरकली. बादामने झोपडीवरची ताडपत्री सोडली, बाज उलटी करून तीत भांडी भरली, शेळीच्या गळ्यात दोरी अडकवली. कुणाच्या तरी ओळखीने ग्वाल्हेरजवळच्या मोरारच्या पलीकडे वीटभट्टीवर काम मिळणार होतं. जाताना कपूरी शाळेत आली. मनगटाची नाडी सोडून तिने किल्ली टेबलावर ठेवली. यशश्रीने सांगितलं की तिकडेही शाळा असते, नाव घालायला लाव, मी तुझ्या बापाशी बोलते. बोलताना तिला माहीत होतं की भट्टीवरची पोरं शाळेत नाही, विटा उलटायला जातात. कपूरीने मान डोलावली. तिला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"वहाँ पानी पे लाइन टूटी तो बोलूँ कि ना बोलूँ, मैडम?"

यशश्रीने तिच्याकडे पाहिलं. बोल म्हणावं तर त्याची किंमत बाहेर रस्त्यावर डोक्यावर बाज घेऊन उभी होती. बोलू नको म्हणावं, तर मग इतकी वर्षं या खुर्चीत बसून तिने केलं काय? तिचे डोळे भरून आले. तिने पोरीच्या रुक्ष केसांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. बाहेरून बादामने हाक मारली. उत्तराची वाट पाहून पोरगी निघून गेली.

नवा जलमंत्री निवडायला यशश्रीने वर्गाला विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. मुलं खाली बघत बसली. मग कुलूप तीच काढायला लागली. पहिल्या नंबराचं तिने कुणाला काही सांगितलं नाही, पण सकाळी पंपाशी भांडी लागायची ती एका भांड्याची जागा सोडून. महिपतराव नवी घागर घेऊन यायचे, त्या जागेवर टेकवायचे, भरायचे आणि न बोलता जायचे. कुणाची कटकट नाही, भांडण नाही. दौलतसिंह म्हणाले, आता कसं शिस्तीत चाललंय.

सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी ऊन असं होतं की ओसरीवर पाय ठेववेना. मधल्या सुट्टीत मुलं पाणी प्यायला पंपाशी रांगेत उभी होती. एक मोठा पोरगा दांडा हापसत होता. यशश्रीची बाटली रिकामी झाली होती. ती बाटली घेऊन गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

तिच्या पुढच्या मुलीने मागे वळून पाहिलं. मग ती गुपचूप बाजूला झाली आणि यशश्रीच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या पुढचा मुलगाही तसाच मागे आला. त्याच्या पुढच्या दोघी आल्या. यशश्री म्हणाली, अरे, आपल्या नंबराने, मी थांबते. मुलं ऐकत होती, मान हलवत होती, आणि एकेक करून मागे जात होती. कुणी हसत नव्हतं, कुणी चेष्टा करत नव्हतं. तिने एकाचा खांदा धरून त्याला जागेवर थांबवलं, तर तो तिच्या हाताखालून अंग चोरून निसटला. सगळ्यात पुढे पहिलीतलं एक पोर धारेखाली ओंजळ धरून होतं. त्याने मागे पाहिलं, भरत आलेली ओंजळ सोडून दिली, हात सदऱ्याला पुसले आणि पळत जाऊन शेवटी उभं राहिलं.

आता तिच्यापुढे कुणी नव्हतं. दांडा हापसणारा पोरगा थांबला नव्हता. धार सिमेंटवर पडत होती आणि वाहत मातीत चालली होती. यशश्रीने मागे वळून पाहिलं. तहानलेली मुलं सरळ रांगेत, हाताची घडी घालून, तिचं होण्याची वाट पाहत होती. पाणी वाया चाललं होतं, म्हणून तिने बाटली धारेखाली धरली.